काकांशी कोण भांडणार

परदेशातून कात्र्या परत आल्या त्या सकाळी काकांनी कोणालाही शिवी दिली नाही. काहीतरी बिघडलंय हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.

खोकी कारखान्याच्या दारात उतरली. दादाने एक फोडलं आणि वरची कात्री काढून काकांच्या हातात दिली. काकांनी खिशातल्या रुमालाचं टोक पात्यांमध्ये धरलं. रुमाल कापला गेला नाही, घडी होऊन मध्ये नुसता पडून राहिला. "जरा मऊ आहे," काका म्हणाले. रुमाल झटकून खिशात ठेवला आणि कात्री परत देताना दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

दादा तेव्हाच घाबरला, असं त्याने मला नंतर सांगितलं. लहानपणापासून काकांकडून त्याने बरंच ऐकलं होतं. त्यात हे वाक्य कधी नव्हतं.

खोक्यांसोबत पत्र होतं. तिकडचा आमचा व्यापारी शिंप्यांना कात्र्या पुरवतो. दुकान त्याच्या आजोबांचं, आता तो आणि त्याची मुलगी चालवतात. आमचा बहुतेक माल तोच उचलतो, आणि तो गेला तर कारखान्याला कुलूप लागेल हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पत्र आदबशीर होतं. बाबा गेल्याबद्दल त्याने पुन्हा एकदा दुःख व्यक्त केलं होतं. पुढे लिहिलं होतं, की तुमच्या कात्र्या पूर्वी कापड कापायच्या, हल्ली त्या कापडाची समजूत घालतात. येत्या प्रदर्शनात तुमच्या गाळ्यावर येईन, नवा माल हातात घेऊन बघेन आणि मग ठरवेन. सहीच्या खाली त्याने एक ओळ जोडली होती. घरात सगळं ठीक आहे ना?

घरात सगळं ठीक होतं. अडचण तीच होती.

बाबा आणि काका वीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. कात्रीचं अंगठ्याचं पातं बाबा करायचे, बोटांचं काका. छप्पर एक, मध्ये भिंत, भिंतीत खिडकी. एकाची पाती खिडकीतून दुसऱ्याकडे जायची. दुसरा ती आपल्या पात्यांशी जुळवून बघायचा आणि नावडलेली खिडकीतूनच परत फेकायचा. फेकायचा म्हणजे खरोखर फेकायचा. खिडकीखाली दोन्ही बाजूंना जुनी गादी टाकलेली होती.

पात्याबरोबर निरोप असायचा. तो घेऊन जाणारा माणूस खरा धार लावणारा, पण त्याला सगळे टपाल म्हणायचे. निरोपात शिव्या असत, म्हणून बाबांनी त्याला वेगळा भत्ता लावला. ते कळल्यावर काकांनीही लावला. पगारपत्रकात तो निरोप भत्ता म्हणून दिसे. कामगार खात्याच्या एका साहेबांनी हा कसला भत्ता म्हणून विचारलं, तेव्हा टपालने त्यांना नमुना ऐकवला. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही.

भांडणाचं कारण साधं होतं. निर्यात मंडळाने आम्हाला परदेशातल्या प्रदर्शनात पहिल्यांदा गाळा दिला तेव्हा दोघे भाऊ एकत्र गेले होते. उद्घाटनाची फीत आमच्या कात्रीने कापायची असं बाबांनी मंडळाशी पत्रव्यवहार करून ठरवून घेतलं होतं. पाहुणे फितीपाशी येऊन उभे राहिले आणि कात्री सापडेना. काकांनी ती तळाच्या खोक्यात भरली होती. फीत शेजारच्या गाळ्यावरच्या कात्रीने कापली गेली. तिथून परत येताना दोघे विमानात शेजारी बसले आणि बोलले नाहीत. मग ते तसंच राहिलं.

त्याच प्रदर्शनात हा व्यापारी भेटला. मंडळाचा गाळा नसता तर तो भेटला नसता, आणि भांडण नसतं तर टिकला नसता. हे दोन्ही मला आता दिसतं. तेव्हा आम्हाला वाटायचं की भांडण असूनही आमचा माल चांगला निघतो.

बाबा कामाच्या मधल्या सुट्टीत गेले, खुर्चीतच. टपालने खिडकीतून निरोप दिला. काकांनी उलट निरोप पाठवला नाही.

त्यानंतर दादा मंडळाच्या शिबिराला गेला. परदेशी बाजारात कुटुंबांचे उद्योग का टिकतात यावर तिथे व्याख्यानं झाली. विश्वास, आपुलकी, एकोपा. दादा भारावून परत आला आणि भिंत पाडू या म्हणाला. आम्हाला वाटलं काका त्याच्या अंगावर धावून जातील. काका म्हणाले, "पाड." भिंतीच्या जागी दादाने काचेचं लांब टेबल आणून ठेवलं. त्यावर दोन्ही बाजूंची पाती शेजारी शेजारी ठेवायची आणि हसतमुखाने जुळवायची. महिनाभर सगळे हसतमुख होते. त्या महिन्यात भरलेली खोकी आता दारात पडली होती.

दादाने त्याच सकाळी आत्याला बोलावलं. मंडळाच्या बाई दुपारी तपासणीला यायच्या होत्या. 'सुसंवादी कुटुंब उद्योग' अशी नवी योजना निघाली होती, तिच्यात बसलो तरच यंदा प्रदर्शनात गाळा मिळणार होता. म्हणजे दुपारच्या आत मालाचं काय ते ठरवायचं आणि दुपारी एकोपा दाखवायचा.

आत्या बाबांहूनही मोठी. न्यायाधीश म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी खुर्चीत बसण्याआधी ती अजून क्षणभर थांबते, समोरच्यांना उभं राहायला वेळ मिळावा म्हणून. काचेच्या टेबलाच्या टोकाला ती बसली. एका बाजूला काका-काकू, दुसऱ्या बाजूला आई, दादा आणि मी. टपाल दारात स्टुलावर. भिंत गेल्यापासून त्याला निरोपाचं काम आणि भत्ता दोन्ही नव्हतं, त्यामुळे तो जरा घरच्यासारखा हजर असायचा.

आत्याने आधी काकूंना बोलायला सांगितलं.

"परवा भाजी करपली," काकू म्हणाल्या. "तशीच वाढली. म्हणाले, छान झालीय. मला रात्रभर झोप नाही."

आणखी काय, म्हणून आत्याने विचारलं. शेजाऱ्याची गाडी आठवडाभर आमच्या दारासमोर लागते आहे आणि हे त्याला खिडकीतून हात करतात, असं काकूंनी सांगितलं. डॉक्टरांना दाखवलं का? दाखवलं. डॉक्टर म्हणाले तब्येत सुधारली आहे, रक्तदाब पहिल्यांदाच ताब्यात आहे. हे सांगताना काकूंचे डोळे भरून आले. लग्न झाल्यापासून त्या एका तापट माणसाबरोबर राहत होत्या. आता घरात एक सोज्वळ गृहस्थ वावरत होता आणि त्याच्याशी काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं.

"तू सांग," आत्या काकांना म्हणाली. "पाती बघत का नाहीस?"

काकांनी टेबलावर बोट फिरवलं. "थोरल्याकडून पातं आलं की त्याचं काय चुकलंय ते शोधायचो. आणि माझं तिकडे जायचं तेव्हा शंभरदा बघायचो, त्याला काही सापडू नये म्हणून." ते थांबले. "आता कोणासाठी बघू?"

आत्याने चष्मा काढून पुसला. तिचाही भाऊ गेला होता, पण ती कामावर असताना रडत नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "याला विरोधक हवा."

"माझ्यासाठी कशाला त्रास," काका म्हणाले.

"तुझ्यासाठी नाही. कात्रीसाठी."

मग काकांशी कोण भांडणार हे ठरवायला सुरुवात झाली. पहिला मान दादाचा, कारण बाबांची बाजू आता त्याच्याकडे होती. दादा उभा राहिला, शर्ट नीट केला आणि म्हणाला, "काका, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण काही बाबतींत सुधारणेला वाव आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं."

"आहे रे," काका म्हणाले. "खूप वाव आहे."

दादा खाली बसला. दुसरा प्रयत्न करायचा आहे का, असं आत्याने विचारलं. तो नको म्हणाला.

काकूंनी आपलं नाव पुढे केलं. आपण घरी भांडतोच, इथेही भांडू, त्यात काय. आत्याने ते फेटाळलं. नवरा-बायकोच्या भांडणाने माल सुधारतो असं तिच्या पाहण्यात नव्हतं. शेवटी तिने स्वतःच करून बघितलं. तू लहानपणापासून आळशी, असं तिने काकांना चढ्या आवाजात सुनावलं, आणि काकांच्या कपाळावर एक आठी उमटते न उमटते तोच पुढे म्हणाली, की अर्थात तेव्हा तुझ्यावर जबाबदारीही कोणी टाकली नव्हती, हेही लक्षात घ्यावं लागेल. आठी गेली. आत्याने स्वतःला अपात्र ठरवलं.

"वहिनी?" तिने आईकडे बघितलं.

"नाही," आई म्हणाली.

"एकदा विचार तरी—"

"मी या भांडणाला वीस वर्षं डबे पाठवलेत." आईचा आवाज नेहमीसारखाच होता. काकू शाळेत शिकवायच्या, त्यामुळे दुपारचे दोन्ही डबे तीच करायची. "एकाच पातेल्यातलं दोन डब्यांत भरायचं. आणि दोघांनाही सांगायचं की दुसऱ्याला वेगळं दिलंय, नाहीतर जेवायचे नाहीत. आता एक डबा कमी झालाय. मला तेवढं पुरे आहे."

काका तिच्याकडे बघत राहिले. "एकाच पातेल्यातलं?" त्यांनी हळूच विचारलं. आईने मान हलवली.

माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मलाही तेच हवं होतं.

भांडण सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. खिडकीच्या दोन्ही बाजूंना जायची मुभा घरात मला एकटीला होती. पुढे ग्रंथालयात नोकरी लागली तरी सुट्टीच्या दिवशी अर्धा वेळ बाबांकडे, अर्धा काकांकडे असायचे. पाती उजेडासमोर धरून बघायला मला दोघांनीही शिकवलं, आणि प्रत्येकाने दुसऱ्याने शिकवलेलं विसरायला सांगितलं. बाबा गेल्यापासून मी रोज संध्याकाळी काकांजवळ जाऊन बसायचे. फार बोलायचो नाही. काकांच्या हातांना तेलाचा आणि घासलेल्या पोलादाचा वास येतो. तो वास येणारा एकच माणूस उरला होता. त्याच्याशी बोलणं सोडायला मी तयार नव्हते, कारखान्यासाठीसुद्धा.

मंडळाच्या बाई ठरल्या वेळेआधीच आल्या.

त्यांची चाहूल लागताच दादाने सगळ्यांना हसायला सांगितलं. बाईंनी अशी बरीच कुटुंबं तपासली होती, हे त्यांनी पुढे आत्याजवळ मोकळेपणाने सांगितलं. दारातून हसणं ऐकू आलं की त्या मनातल्या मनात गुण कमी करायला सुरुवात करत. आमच्याकडे त्यांनी आत पाऊल टाकलं तेव्हा आत्या हसत होती. ते दृश्य आपण अजून विसरलेलो नाही, असं त्या म्हणाल्या.

चहा झाला. बाईंनी योजना समजावून सांगितली. परदेशातला ग्राहक नुसता माल घेत नाही, मालामागचं घर घेतो, असं मंडळाच्या अभ्यासात दिसून आलं होतं. त्यामुळे मंडळ आता घर तपासतं. बोलताना त्यांनी टेबलावरची एक कात्री उचलली, मिटली आणि उजेडासमोर धरली.

"यात फट दिसते आहे," त्या म्हणाल्या.

फट असायलाच हवी. पाती किंचित बाकदार असतात. टाचेपासून, म्हणजे खिळ्याकडून, टोकापर्यंत ती एका वेळी एकाच बिंदूवर भिडत जातात, म्हणून कापड कापलं जातं. सगळीकडून चिकटली तर ती कात्री नव्हे, चिमटा. पूर्वी एका मंत्र्याने हाच प्रश्न विचारला होता तेव्हा काकांनी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली होती आणि त्याला चहाही दिला नव्हता.

"हो, आहे खरी," काका आता म्हणाले. "बुजवून घेऊ."

दादाचा चेहरा पांढरा पडला. दारातला टपाल स्टुलावरून उठून उभा राहिला.

बाईंनी लिहून घेतलं. मग शेवटचा भाग, म्हणाल्या. प्रत्येकाने कुटुंबातल्या एका माणसाबद्दल मनापासून दोन शब्द चांगले बोलायचे. दादाने आईबद्दल सांगितलं, आईने दादाबद्दल. काकूंनी काकांच्या पचनशक्तीचं कौतुक केलं. काकांची पाळी आली. ते म्हणाले, "थोरला. उत्तम माणूस होता. त्याच्यासारखा कारागीर पुन्हा व्हायचा नाही."

बाईंनी आदराने मान खाली घातली.

बाबा गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता. देवमाणूस. शांत स्वभाव. कधी कोणाला दुखावलं नाही. बाबांनी तर ओळखीच्या प्रत्येकाला दुखावलं होतं. आलेल्या प्रत्येकाने बाबांचा थोडा थोडा भाग उचलून नेला होता आणि त्या जागी एक गुळगुळीत माणूस आणून ठेवला होता. काकांनी आजपर्यंत तो ठेवला नव्हता. म्हणून मी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसत होते.

"खोटं आहे हे," मी म्हणाले.

काका माझ्याकडे वळले.

"तुम्हाला ते कधीही उत्तम वाटले नाहीत. त्यांच्या पात्याचं टोक जाड येतं, असं वीस वर्षं सांगत होतात. मला सांगायचात, त्यांना सांगून पाठवायचात."

"जाऊ दे ग. गेलेल्या माणसाबद्दल—"

"जाड यायचंच. मला माहीत आहे." मी परत आलेल्या खोक्यातून हाताला लागली ती कात्री घेतली आणि काकांचं पातं त्यांच्यासमोर धरलं. "पण हे काय आहे? टाचेला घासलंय आणि पुढे नुसतं पुसलंय. हे तुम्ही सोडलंत. बाबांनी हे खिडकीतून फेकलं असतं, आणि गादीवर नाही, तुमच्या अंगावर. आणि बरोबर केलं असतं."

काकांनी पातं हातात घेतलं. अंगठा टाचेपासून पुढे नेला आणि मध्येच थांबवला.

"पुसलंय?" ते म्हणाले.

"पुसलंय. आणि तुम्हाला ते कळलं होतं."

बराच वेळ बंद असलेलं यंत्र सुरू करताना आधी नुसती थरथर होते, तसं काहीतरी त्यांच्या मानेत झालं. "तुझ्या बापाला," ते सावकाश म्हणाले, "पोलाद आणि पत्रा यातला फरक मरेपर्यंत कळला नाही. आणि त्याची पोरगी मला टाच शिकवते?" ते उठले. "ग्रंथालयात बसून पानं उलटणारी. मला."

"मग पुसलेलं पातं का पाठवलंत?"

"तिकडे बघणारं कोणी होतं का? तुझा भाऊ? त्याला कात्री कोणत्या बाजूने धरतात ते तरी येतं का?"

दादाने नंतर कबूल केलं, की इतकं सुखाचं वाक्य त्याने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. टपाल केव्हा आमच्या मध्ये येऊन उभा राहिला ते कळलं नाही. आम्ही समोरासमोर दोन हातांवर होतो, तरी तो एकेक वाक्य घेऊन वळत होता आणि पुन्हा सांगत होता. "त्या म्हणतात, पुसलेलं आहे. ते म्हणतात, तुमचा भाऊ नालायक आहे." काकूंनी आईचा हात धरला होता. "रंग बघा ताई," त्या म्हणत होत्या, "रंग बघा चेहऱ्यावर कसा आलाय."

काकांनी बाईंच्या पुढ्यातली कात्री ओढून घेतली. "आणि तुम्ही ती फट काय बघत बसलाय? बुजवली तर काय कापाल, लोणी?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. सुसंवादी कुटुंब उद्योग म्हणून आम्ही कुठल्याच निकषावर बसत नव्हतो, एवढं त्यांनी शांतपणे सांगितलं. दादाने डोकं धरलं. एकीकडे काका परत मिळाले होते, दुसरीकडे गाळा गेला होता, आणि गाळा नाही म्हणजे व्यापारी नाही.

"दुसरी योजना आहे," बाई म्हणाल्या. "समूह योजना. एकाच मालाचे दोन स्वतंत्र उद्योग असतील तर त्यांना मिळून एक गाळा देतो. अट एवढीच की दोघांत स्पर्धा खरी हवी. खोटी स्पर्धा दाखवून गाळे लाटणारे फार झालेत, म्हणून आम्ही कडक बघतो."

"स्पर्धा बघितलीत ना?" आत्याने विचारलं.

"बघितली." त्यांनी काकांकडे जपून नजर टाकली. "पण जागा वेगळ्या लागतात. मध्ये भिंत लागते."

सगळ्यांनी काचेच्या टेबलाकडे बघितलं.

काकांची बाजू काकांची, बाबांची बाजू माझी, असं आत्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. दादाने हिशेब आणि पत्रव्यवहार बघायचा, भांडणात पडायचं नाही. त्याने दोन्ही हातांनी मान्य केलं. भिंत पुरी होईपर्यंत काकांनी आणि मी बोललं तर चालेल, त्यानंतर टपालमार्फत, असंही तिनेच सांगितलं. त्यात पळवाट ठेवलीत तर पुन्हा मऊ पडाल, म्हणाली. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, म्हणजे हो म्हणाले.

भिंत बांधायला गवंडी आला तेव्हा आम्ही दोघं आपापल्या बाजूला खुर्च्या टाकून बसलो. विटांच्या ओळी चढत होत्या.

"बोलायचं ते बोलून घे," काका म्हणाले.

छप्पर तुमच्याकडे गळतं का, म्हणून मी विचारलं. गळतं, म्हणाले. चांगले सहाणेचे दगड विकणारा कुठे बसतो ते त्यांनी सांगितलं, ते मला माहीत होतं. गवंड्याने ओळंबा लावला. भिंत कमरेच्या वर आली तसे आम्ही उभे राहिलो.

"बाबांशी शेवटचं काय बोलला होतात?"

"प्रदर्शनात. तो म्हणाला, आपली कात्री कुठे आहे. मी म्हटलं, तळाच्या खोक्यात."

"मग?"

"मग तो खोकी उपसायला लागला. मीही लागलो. तेवढ्यात टाळ्या वाजल्या."

गवंड्याने वीट ठेवली, जास्तीचा माल थापीने काढून घेतला. काकांची हनुवटी आता दिसत नव्हती.

"काका, ते उत्तम माणूस होते का?"

त्यांनी विचार केला. खरोखरच विचार केला.

"नाही," ते म्हणाले. "अजिबात नव्हता."

बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला बाबा दिसले. खिडकीत कोपरापर्यंत हात घालून, पातं नाचवत ओरडणारे. मी खाली बसले. पुढची ओळ चढली तेव्हा पलीकडे काका होते की निघून गेले होते ते मला कळलं नाही.

प्रदर्शनात आमच्या गाळ्याच्या मधोमध मंडळाने एक पडदी लावून दिली होती. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मी, पुढच्या टोकाला दादा. टपाल आमच्याबरोबर होता. मंडळाच्या कागदांत त्याची नोंद संपर्क अधिकारी अशी होती.

व्यापारी उद्घाटनाआधीच मुलीला घेऊन आला. त्याने पिशवीतून रेशमाचा एक तुकडा काढला, ओला केला आणि आमच्या कात्रीच्या नुसत्या टोकात धरला. कापड दोन झालं. त्याने पुन्हा कापलं. मुलीने कापलं. मग त्याने दादाला बाजूला घेऊन विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना?

"नाही," दादा म्हणाला. "काही ठीक नाही."

व्यापाऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मोठी मागणी नोंदवली.

उद्घाटनाच्या वेळी पाहुणे फितीपाशी येऊन उभे राहिले. फीत यंदाही आमच्याच कात्रीने कापायची ठरली होती. मंडळाच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वरचं खोकं उघडलं. कात्री सगळ्यात वर होती. ती त्यांच्याकडे गेली, फीत कापली गेली, टाळ्या वाजल्या. मी पडदीकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरलं होतं.

थोड्या वेळाने टपाल आला. तिकडून इकडे यायला पडदीला फक्त वळसा घालायचा होता, पण त्याने ताठ उभं राहून आधी घसा साफ केला.

"त्यांनी सांगितलंय," तो म्हणाला, "तिला सांगा, कात्री वरच्या खोक्यात ठेवायला काही अक्कल लागत नाही."

मी त्याला पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं.

निरोपाचा भत्ता एकदा सांगण्याचा असतो. टपालने तो निरोप मला दुसऱ्यांदा सांगितला, सावकाश, एकही शब्द न गाळता, आणि त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत.